हाकेआधीची ओ

वेनला आपलं नाव कळतं, याबद्दल रोझमेरीच्या मनात शंका नव्हती. स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि दाराच्या फटीतून बघत राहायचं, हा तिचा रोजचा उद्योग होता. पोराची मान वळायची. कधी उशिरा, कधी जराशीच, पण वळायची. ओ मात्र यायची नाही. तिसरा वाढदिवस होऊन गेला तरी त्याने अजून कुणालाच हाक मारली नव्हती. रडायचा, हसायचा, पंख्याकडे बघून एक लांबट आवाज काढायचा. पण शब्द म्हणावा असा एकही नाही. 'मम्मी' तर नाहीच.

कान तपासून झाले होते. कान ठणठणीत. डॉक्टरांनी आणखी एक-दोन शक्यता सांगितल्या. त्यातल्या एकीचं नाव ऐकून तिचा नवरा बेसिल परतताना रिक्षात तोंड फिरवून रडला. आत्ताच शिक्का मारायला नको, डॉक्टर म्हणाले, थेरपी चालू ठेवा, दिवाळीनंतर बघू, थांबा. चर्चमधले फादर म्हणाले, देवाची वेळ आपल्या वेळेसारखी नसते बेटा, थांब. समोरची लिओना म्हणाली, अगं माझ्या दिराचा पोरगा तर पाच वर्षांचा होईपर्यंत गप्प होता, आता बघ, गप्प बस म्हणावं लागतं. थांब जरा.

थांब म्हणणाऱ्यांची पोरं मात्र सगळी बोलत होती.

लग्नाआधी रोझमेरी अंधेरीतल्या एका ऑडिटच्या ऑफिसात होती. दुसऱ्यांच्या हिशेबातली चूक शोधणं हे तिचं काम. नोकरी सुटली, नजर सुटली नाही. आता ती पोराला तपासायची. डोळ्यात डोळे घालतो का, बोट दाखवतो का, चाक फिरवत किती वेळ बसतो. आणि पोर झोपलं की स्वतःला तपासायची. सातव्या महिन्यात मी जिन्यावरून घसरले होते, तेव्हाचं काही असेल का? मोबाइल फार दाखवला का? की लग्नानंतर मी रविवारची मिस्सा चुकवायला लागले, त्याचं हे?

गंधाली नावाची थेरपिस्ट होती, तिच्याच वयाची, दर शनिवारी वेनला खेळवायची. तिने एकदा दोघांचा खेळ मोबाइलवर टिपला आणि रोझमेरीपुढे धरला.

"ऐक हां नीट."

रोझमेरीने ऐकलं. मोबाइलमधली बाई अखंड बोलत होती. "वेन, हे काय आहे? बॉल! बॉल आहे ना? कुठला रंग? लाल! मम्मीला दे. दे म्हण. दे, दे, दे. दिला! शाब्बास!"

"कळलं?" गंधाली म्हणाली. "प्रश्नही तूच विचारतेस, उत्तरही तूच देतेस. त्याला बोलायचं असलं ना, तरी जागाच ठेवलेली नाहीस. विचारायचं आणि गप्प बसायचं. एक श्वास घे, सोड, आणखी एक घे. त्याच्याकडे बघत राहा. ती मोकळी जागा भरायची नाही."

"आणि काहीच आलं नाही तर?"

"तरी भरायची नाही."

बोलणं सोपं होतं. घरी रोझमेरी विचारायची, श्वास घ्यायची, आणि तो सोडायच्या आतच तिला त्या शांततेत सगळं दिसायचं. शाळेच्या मैदानात एकटा उभा असलेला वेन. बसस्टॉपवर पत्ता न सांगता येणारा वेन. आपण दोघंही गेल्यावरचा वेन. मग तिच्या तोंडून आपोआप यायचं: "बॉल! बॉल आहे ना राजा?"

मे महिन्यातल्या त्या दुपारी तर तिने कहरच केला. सकाळी बेसिल तिच्या आग्रहावरून एका शाळेत विचारून आला होता. बोलायला लागला की आणा, असं गोड हसून सांगितलं होतं त्यांनी. ते सांगून बेसिल कामावर निघून गेला. वेन तहानलेला येऊन तिचा गाऊन ओढायला लागला. तिने निळा कप भरला आणि डोक्याच्या वर धरला.

"पाणी म्हण."

वेनने हात वर केले.

"पाणी. नुसतं पा म्हण. पा! मम्मी, पाणी दे. म्हण ना रे! पा, पा, पा!"

पोराने आधी उड्या मारल्या, मग रडला, मग जमिनीवर बसून स्वतःचंच मनगट चावायला लागला. दात उमटले. तरी तिचा हात खाली येईना. सासूबाई, आयव्ही, मागच्या दारातून आल्या, मासळीचे हात तसेच, आणि त्यांनी तिच्या हातातून कप हिसकावून घेतला. वेन घटाघटा प्यायला. अर्धं पाणी गळ्यावरून ओघळलं.

"मुक्या जनावराला पण कोणी असा तहानलेला ठेवत नाय गो," आयव्ही म्हणाली.

"मुका म्हणू नका त्याला!"

"मी त्याला नाय बोललू, बाय." सासूने त्याचं मनगट पदराने पुसलं. "देव देईल त्याला वाचा. त्याची वेळ आली की—"

"देवाकडे घड्याळ आहे का मम्मा? माझ्याकडे आहे! जूनमध्ये शाळा उघडते. त्याच्या बरोबरीची सगळी पोरं जातील आणि हा खिडकीत बसेल. तुमच्या देवाला सांगा, त्याची वेळ होईपर्यंत माझं पोर म्हातारं होईल."

रोझमेरीला वाटलं, ओरडावं आयव्हीने, झिंज्या धराव्यात आपल्या. पण ती वेनला काखेत घेऊन मागच्या दारी गेली, आणि रोझमेरी ओट्याला टेकून उभी राहिली. पोराच्या मनगटावरचे दात तिला मिटल्या डोळ्यांनीही दिसत होते. त्या दुपारी ती देवाला म्हणाली, "आता मी मागणार नाही. तुला ऐकू येत असूनही तू ओ देत नसशील, तर तुझ्यात आणि माझ्या पोरात फरक काय? त्याला निदान येत तरी नाही."

म्हणाली आणि स्वतःच घाबरली. पण शब्द परत घेतले नाहीत.

संध्याकाळी क्रुसापाशी जावंच लागलं. त्यांचं गावठाण म्हणजे मेट्रोच्या खांबांमागे दडलेल्या चार गल्ल्या आणि मधोमध चुन्याने रंगवलेला क्रूस. मे महिना पवित्र मरियेचा. महिनाभर रोज तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून रोझरी, म्हणजे जपमाळ, व्हायची आणि मग लितानी. पुढे एक जण मरियेचं एकेक नाव घेणार आणि सगळ्यांनी मिळून एकाच सुरात उत्तर द्यायचं: आम्हासाठी विनंती कर. शेवटचा 'कर' लांबवत खाली आणायचा. नाव, उत्तर, नाव, उत्तर. नावं घ्यायचा मान तिच्या सासऱ्यांचा, पास्कल पप्पांचा. पुस्तक नाही, चष्मा नाही, सगळं तोंडपाठ. अलीकडे मात्र ते मधेच अडकायचे. तेव्हा मागच्या खुर्चीवरून रोझमेरी हळूच पुढचं नाव पुटपुटायची आणि गाडी पुढे जायची. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. मोकळी जागा भरण्यात तिचा हात कोण धरणार?

आज ती नुसते ओठ हलवत होती. आवाज काढत नव्हती. वेन तिच्या मांडीवर, पाठ तिच्या छातीला लावून, क्रुसाभोवतीच्या दिव्यांच्या माळेकडे बघत होता. मनगट झाकायला तिने त्याला लांब बाह्यांचा शर्ट घातला होता, मे महिन्यात.

"स्वर्गाच्या दारा," पास्कल पप्पा म्हणाले.

आम्हासाठी विनंती कर.

"पहाटेच्या ताऱ्या."

आम्हासाठी विनंती कर.

तेवढ्यात गल्लीत बाईक घुसली. पाठीवर खाण्याचा मोठा चौकोनी डबा असलेला एक जण मोबाइल बघत विचारायला लागला, "अंकल, जरा साइड द्या ना, बी विंग कुठे आहे?"

"बी विंग तिकडे टॉवरमध्ये रे बाबा, इथे सगळी घरंच आहेत," लिओना म्हणाली. दोन-चार जण हसले, खुर्च्या सरकल्या, बाईक गेली. पास्कल पप्पांनी घसा खाकरला, तोंड उघडलं.

आणि काहीच आलं नाही.

त्यांनी क्रुसाकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. ओठ हलले. नाव गेलं होतं. सगळी गल्ली उत्तर तोंडात धरून थांबली. लितानीत पुढच्याला मोठ्याने आठवण करून द्यायची रीत नाही. नाव त्याच्या तोंडून आलं तरच बाकीच्यांनी बोलायचं. पास्कल पप्पांनी मान किंचित मागे वळवली, सुनेकडे. आयव्हीने कोपर ढोसलं.

रोझमेरीला नाव माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पहाटेच्या ताऱ्यानंतर येतं: आजाऱ्यांच्या आरोग्या.

ते तिच्या जिभेच्या टोकावर आलं आणि तिने दात मिटले. हेच नाव घेऊन वर्षभर रात्रंदिवस हाका मारल्या. नवस बोलले, उपास केले, मेणबत्त्या लावल्या. नाही घेणार. ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं. सासऱ्यांची फजिती होतेय तर होऊ दे, गावाला दिसतंय तर दिसू दे.

शांतता लांबत गेली. कुणाच्या तरी खुर्चीचा पाय करकरला. वरून मेट्रो गेली आणि तिचा आवाजही संपला. रोझमेरीने रागाने एक श्वास घेतला आणि सोडला. आणखी एक घेतला.

"कऽऽऽ"

आवाज इतका जवळून आला की तो आधी तिला छातीत जाणवला आणि मग कानात शिरला. वेन दिव्यांकडेच बघत होता. त्याच्या तोंडातून तो लांबट आवाज नेहमी यायचा, पण हा तो नव्हता. याच्या आधी 'क' होता. आणि सूर तोच, सगळ्यांचा, शेवटी खाली उतरणारा.

मग पुढच्या रांगेतली कुणीतरी खुदकन हसली आणि आयव्ही मोठ्याने, गहिवरून म्हणाली, "ऐकला गो? आजोबाने हाक मारायच्या आधीच पोराने ओ दिली!"

"बोलला! रोझी, अगं बोलला तुझा वेन!" लिओना खुर्ची सोडून आली. तिच्यामागे आणखी चौघी. "परत बोल रे सोन्या. कर! बोल, विनंती कर! बोल ना. कर, कर, कर!"

वेनने कानांवर हात घेतले. बाही वर सरकली आणि मनगटावरचे दातांचे लाल वण दिव्यात उघडे पडले. लिओनाने ते बघितले; तिचं तोंड मिटलं. रोझमेरीने ते झाकले नाहीत.

"थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "थांबा जरा. त्याला वेळ द्या."

बायका मागे सरल्या. पास्कल पप्पा डोळे पुसत होते आणि पुसता पुसताच त्यांना नाव आठवलं. "आजाऱ्यांच्या आरोग्या," ते म्हणाले, नेहमीपेक्षा मोठ्याने. गल्लीने उत्तर दिलं. रोझमेरीच्या घशातून आवाज निघाला नाही. पण या वेळी तो तिने अडवलेला नव्हता.

उरलेल्या सगळ्या नावांना ती कान पोराच्या पाठीला लावून बसली. काही नाही. लितानी संपली, उकडलेले चणे वाटले गेले, वेनने ते एकेक करून खुर्चीच्या कडेला ओळीने लावले. एकही शब्द नाही.

बेसिल आला तेव्हा ती घराच्या पायरीवर बसली होती. तिने सांगितलं. त्याने हेल्मेट काढलं नाही, तसाच उभा राहिला.

"नक्की? 'कर' म्हणाला?"

"'र' नव्हता बहुतेक. नुसता 'क'. पण सूर होता."

"रोझी." त्याने अगदी हळू विचारलं. "की तुला हवं होतं म्हणून ऐकू आलं?"

"माहीत नाही रे," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं, दुपारपासून साठलेलं. "कुणी सांगावं, परत वर्षभर काही बोलणारही नाही. मला काहीच माहीत नाही. एवढंच माहीत आहे की मी गप्प होते. भांडण म्हणून गप्प होते, श्रद्धा-बिद्धा काही नव्हती. आणि तेवढ्या जागेतच तो..."

बेसिल तिच्या शेजारी बसला. बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून होता. मग तोंड धुवायला आत गेला.

वेन आला आणि गाऊन ओढायला लागला. रोझमेरी उठली. निळा कप भरला आणि लगेच त्याच्या हातात दिला. काही म्हणायला लावलं नाही. तो प्यायला, सावकाश, दोन्ही हातांनी कप धरून. तिने त्याचं मनगट उचललं, वणांवर ओठ टेकले. मग पायरीवर त्याच्यासमोर बसली, रिकाम्या हातांनी.

दुपारी देवाला आपण जे बोललो ते परत घ्यावं की नाही, तिला कळत नव्हतं. मागावं तर काय मागावं, तेही सुचत नव्हतं. जे नाव तिने दातांमागे कोंडलं होतं, तेवढंच तिच्याजवळ होतं.

"आजाऱ्यांच्या आरोग्या," ती म्हणाली, पास्कल पप्पांच्या चालीत, हळू.

वेनने कपावरून वर बघितलं. तिच्या तोंडाकडे.

पुढचे शब्द तिच्या जिभेवर येऊन उभे राहिले, नेहमीसारखे, घाईने. शाळेचं मैदान आलं, बसस्टॉप आला, सगळं आलं. तिने श्वास घेतला. सोडला. आणखी एक घेतला.

जागा तिने भरली नाही.