सरांची चिठ्ठी

प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या लाल यीस्टमध्ये एक पांढरा ठिपका उगवला आणि त्याची पिलावळही पांढरीच निघाली.

"डीएनए बिघडलाय. डीएनए बदलल्याशिवाय नवा गुण पुढच्या पिढीत जात नाही, वाचा माझं पुस्तक!" म्हणत सरांनी बशीवर 'टाकून द्या' अशी चिठ्ठी डकवली.

त्यांच्या हाताखालच्या संशोधक बाई हट्टाला पेटल्या. त्यांनी डीएनए तीनदा तपासला. त्यातलं एकही अक्षर हललं नव्हतं. मग प्रथिनांच्या गुठळ्या मोडणारं, डीएनएला धक्का न लावणारं औषध घातलं. आज नवी पिढी पुन्हा लालभडक!

"आई-पेशीच्या पोटातल्या प्रथिनाच्या गुठळ्याच लेकींकडे जात होत्या, सर. वारसा डीएनएचा नाही, प्रथिनाचा होता."

सरांनी बशीवरची चिठ्ठी अलगद सोलली आणि स्वतःच्या पुस्तकावर डकवली.