माझ्याभोवतीची फट भरू नका

मी एक जुना खांब आहे. सिमेंटचा, गोल, माणसाच्या छातीइतका उंच. घरामागच्या अंगणात एकटा उभा असतो आणि डोक्यावर एक निळी प्लास्टिकची बादली उपडी घातलेली असते. ती बघून येणारे-जाणारे हसतात. हसू देत. पण मित्रांनो, मला 'बिचारा' म्हणायचं नाही. माझ्या अंगात वाळू आहे, खडी आहे, लोखंडी सळया आहेत. बिचारेपणा औषधालाही सापडणार नाही.

मी छप्पर पेलत नाही, म्हणून लोकांना मी अर्धवट सोडलेलं बांधकाम वाटतो. "पुढचं काम कधी काढताय?" असं विचारून झालं. एका शेजारणीने माझ्या गळ्यात कपडे वाळत घालायची दोरी बांधून पाहिली. एका पाहुण्याने तर डोक्यावर पाखरांसाठी पाण्याचं भांडं ठेवा म्हणून सुचवलं. मी कुणालाच दाद दिली नाही. माझ्या डोक्यावर दुर्बीण बसते, आणि ती बसली की मी हलायचं नाही. एवढंच माझं काम. सोपं वाटतंय ना? मग थोडा वेळ न हलता उभे राहून बघा. नाक खाजलं की कळेल.

मला ताईने बांधलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू ती एका फिरकीत घट्ट करायची. पुढे तिचे हात थरथरायला लागले. आधी थोडे, मग चहाचा कप बशीत वाजेल इतके. डॉक्टर म्हणाले, हे कमी होणार नाही, वाढेल. दुकानाच्या मालकाने तिला कामाच्या टेबलावरून उठवलं आणि गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायला पुढे बसवलं. तो वाईट माणूस नव्हता. पण त्या दिवशी घरी येऊन ताईने आपला बारका पेचकस कपाटात खोल ठेवून दिला.

तिला आकाश बघायचा नाद होता. जुनी दुर्बीण होती, तीन पायांच्या स्टँडवरची. आता ताईचा हात लागला की स्टँड थरथरायचा आणि त्याच्याबरोबर चंद्र. शनीची कडी तर तिला धड दिसेचनात. घरचे म्हणाले, राहू दे आता, दुसरं काहीतरी मन रमव. ताई उसळली. "हात गेले तर जाऊ देत! नजर अजून माझी आहे. मी खांब बांधणार."

घरचे म्हणजे तिचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भाऊ फरश्या बसवायचा. सगळे त्याला मिस्तरी म्हणतात, मीही म्हणतो. त्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात. मिस्तरीने मदतीला बाह्या सरसावल्या, तर ताईने त्याला लांब उभं केलं.

"कुदळ तू मार. बाकीचं मी करीन."

"अगं ताई, तुझ्या हाताने ओळंबा तरी स्थिर राहील का?"

"ओळंबा दोरीला टांगतात, माझ्या हाताला नाही."

खड्डा कमरेइतका खोल झाला. तळाशी रुंद, वर निमुळता. सळयांचा सांगाडा उतरला, त्यावर पुठ्ठ्याचा जाड गोल साचा उभा राहिला आणि ताई घमेल्यातून काँक्रीट ओतू लागली. ओल्या काँक्रीटमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात. ते काढायला सळई आत घालून सारखी हलवावी लागते. ताईने सळई धरली. हात आपोआप थरथरत होता, सळई आपोआप हलत होती, आणि बुडबुडे फुटत होते. मिस्तरी बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, या कामाला तुझ्यासारखा माणूस मिळायचा नाही. उद्यापासून माझ्याकडे ये." मला वाटलं आता थापी फेकून मारते. पण ती इतकी हसली की तिला खड्ड्याच्या काठावर बसावं लागलं.

लक्षात ठेवा मित्रांनो, मला घट्ट केलं ते त्याच थरथरत्या हातांनी. म्हणून त्या हातांना कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं.

मग अंगणात फरशी घालायची वेळ आली. तेव्हा ताईने हुकूम सोडला. खांबाला फरशी टेकता कामा नये. चारी बाजूंनी वीतभर फट हवी, आणि त्या फटीत नुसते सुटे खडे. फरशीवर कुणी चाललं तर हादरा फटीपाशीच संपेल, खांबापर्यंत पोचणार नाही. मिस्तरीचं तोंड कडू झालं. ज्याच्या कामात सुईसुद्धा जाणार नाही अशी त्याची ख्याती, त्याला स्वतःच्या अंगणात वीतभर फट सोडायची होती! "लोक म्हणतील याला साधी फरशी जुळवता आली नाही," असं तो काम संपेपर्यंत पुटपुटत होता.

फट राहिली, आणि ताईचं राज्य सुरू झालं. संध्याकाळी दुकानातून आली की ती दुर्बीण माझ्यावर चढवायची, नेम धरायची आणि हात काढून घ्यायची. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून ती वाकायची. तेव्हा हात थरथरले तरी कुणाचं काय बिघडत होतं? पहिल्यांदा शनी स्थिर दिसला तेव्हा ती ओरडलीच, "कडी! वहिनी, धावत ये, कडी बघ!" वहिनी पिठाच्या हातांनी धावत आली. पुढे गल्लीतले लोकही यायला लागले. माझं कौतुक व्हायचं. मी ते निमूटपणे घेतलं, कारण ते खरंच होतं.

एके दिवशी ताईचा पाय त्या खड्यांत मुरगळला आणि ती पडली. फार लागलं नाही. पण मिस्तरीने धसका घेतला. थोड्या दिवसांनी ताई मैत्रिणीकडे राहायला गेली, आणि हा पठ्ठ्या घमेलं घेऊन माझ्यापाशी बसला. खडे काढले. फटीत काँक्रीट भरलं. ताईला कळू नये म्हणून वर खड्यांचा पातळ थर पसरला. "पाय रुतायचा नाही आणि खांबही आणखी मजबूत होईल," असं तो स्वतःशीच म्हणाला. मी आतून ओरडत होतो, अरे बाबा, मला चिकटू नकोस! पण खांबाचं कोण ऐकतं? काँक्रीट सुकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला अंगणातलं प्रत्येक पाऊल जाणवलं. मला त्याचा इतका राग आला, आणि राग धरवतही नव्हता. तो बहिणीच्या काळजीपोटीच बसला होता ना तिथे!

ताई आली. दुर्बीण लावली, हात पाठीमागे घेतले आणि वाकली. मागे फरशीवर घरच्यांची ये-जा चालू होती, आणि शनी थरथरत होता. ती सरळ झाली. पुन्हा वाकली. दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळी तेच. हात तर कुठेच लागत नव्हता. मग ती बोलली ते मी कधी विसरणार नाही.

"आता पायातही आलं. मी नुसती उभी राहिले तरी खांब हलतोय."

खोटं होतं ते! धडधडीत खोटं! पण तिने ते खरं मानलं. जी बाई डॉक्टरपुढे रडली नाही, ती माझ्यावर कपाळ टेकून रडली. तिच्या कपाळाची थरथर माझ्या अंगाला कळत होती आणि मला सांगता येत नव्हतं की बाई गं, तू नाहीस, मी फरशीला जखडला गेलोय. दुसऱ्या दिवशी तिने दुर्बीण ठेवायला खोकं आणलं. "कुणाला तरी देऊन टाका," म्हणाली.

खोक्याची दोरी सापडेपर्यंत वहिनी म्हणाली, "ताई, दुर्बीण जायच्या आधी मला एकदा चंद्र दाखवा." ताईने मुकाट्याने दुर्बीण लावून दिली आणि पायरीवर जाऊन बसली. वहिनीने डोळा लावला. तिकडे मिस्तरी उरलेल्या फरश्या उचलून भिंतीशी लावत होता.

"अहो, थांबा जरा."

तो थांबला.

"आता चाला."

"का?"

"चाला म्हणते ना! आता थांबा. अहो, तुम्ही चालता तेव्हा चंद्र नाचतो, आणि थांबलात की थांबतो. ताई तर तिकडे बसल्यात!"

ताई उठली, माझ्यापाशी आली आणि तिने चपलेने खडे बाजूला सारले. खाली गुळगुळीत काँक्रीट होतं, काय सुबक काम होतं!

"तू भरलंस?"

मिस्तरीची मान खाली. "तू पडलीस गं. मला भीती वाटली."

"मी पडले तर उठेन! पण हे तीन दिवस मी स्वतःला संपलेली समजत होते, कळतंय का तुला?" मिस्तरी छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि खाली बसायला लागला. ताईने हात पुढे केला. "इकडे दे. आणि धरायला येऊ नकोस."

पहिला घाव छिन्नीवर बसला, दुसरा फरशीवर. मिस्तरीची सुंदर फरशी तडकली. त्याने डोळे मिटले, पण तो पुढे आला नाही. मित्रांनो, त्या माणसाने आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम तेच असेल. ताईला ते काँक्रीट फोडायला कितीतरी संध्याकाळी लागल्या. काही घाव माझ्यावरही बसले. त्या खुणा अजून आहेत. दाखवतो हवं तर, अभिमानाने दाखवतो.

शेवटचा तुकडा निघाला तेव्हा ताईने शनीवर नेम धरला, हात पाठीमागे घेतले आणि डोळा लावून म्हणाली, "चाल."

मिस्तरी हळूच चालला.

"नीट चाल. मांजर आहेस का?"

तो धपाधप चालला. मग उड्या मारायला लागला. वहिनी हसून हसून भिंतीला टेकली, पण तो थांबेना. एवढा मोठा माणूस अंगणभर थयथया नाचत होता आणि विचारत होता, "हलतोय? ताई, हलतोय का गं?"

"नाही," ताई म्हणाली. "नाच तू खुशाल."

आता ताईचे हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरतात. दुर्बीण वहिनी चढवते, नेम ताईच धरते, वेळ लागला तर लागतो. मी जुना झालोय, माझ्या पायाशी शेवाळ धरतं. मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर बादली काढा, शेवाळ खरवडा, बादलीखाली दुर्बीण अडकवायचे बोल्ट आहेत त्यांना तेल द्या. आणि ती फट आहे तशी राहू द्या. तुमच्या घरातही कुणीतरी असंच हट्टाने उभं असेल. त्याच्याजवळ जरूर या, अगदी वीतभर अंतरापर्यंत या. तिथे थांबा.

मिस्तरी हल्ली तिथेच थांबतो. ताई वाकली की त्याचे हात आपोआप पुढे होतात. मग तोही ते मागे घेतो आणि पाठीशी घट्ट धरून ठेवतो.