साजातला मासा

साज मोडायचा ठरला तो रुचिताच्या शब्दावर. आजीचा गळ्यातला साज एकच आणि लेकी दोन. तो आटवून रुचिताला आणि आदितीला एकेक हलका साज करायचा, असं तिच्या आईच्या, त्रिशलाबाईंच्या, मनात होतं, पण हात धजत नव्हता. रुचिता तेव्हा संगणकावर आकार कसे साठवावेत याच विषयात एम.एस्सी. करत होती.

"आई, घाबरतीस कशाला? कासव, मासा, चंद्र, साजाचं एकेक पान मी जसंच्या तसं ठेवते की. सोनं आटंल, आकार न्हाय आटायचा."

पद्धत देखणी होती. माशाच्या आकृतीत दोन्ही कडांना टेकतील अशी वर्तुळं बसवायची. त्यांच्या मध्यबिंदूंतून जाणारी रेघ म्हणजे माशाचा सांगाडा. त्या रेघेचं वळण आणि जागोजागची त्रिज्या एवढं जपलं, की मासा पुन्हा उभा राहतो. अडचण एकच होती. कड जरा खडबडीत असली की सांगाड्याला बारीक फांद्या फुटतात. रुचिताने आखूड फांद्या सरसकट छाटल्या, कड गुळगुळीत झाली. शिकवताना त्यांना गोंगाट म्हणत, तिनेही तसंच मानलं.

नवे साज घेऊन गुजरी पेठेतला कृष्णात सोनार स्वतः घरी आला.

"बघा काकी, ताईंच्या आकृतीवरनं साचा काढलाय. केसाचा फरक न्हाय."

आईने मासा चिमटीत धरला. शेपटीच्या कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"दात कुठं गेला?"

"कसला दात?" रुचिताने विचारलं.

"माझा. दुधाचा. आईच्या मांडीवर बसून चावलेलं मी ह्याला. शेपटीला खाच पडलेली. आई आल्यागेल्याला दाखवून हसायची."

"मग आधी सांगायचं न्हाईस?"

"जसंच्या तसं म्हणलीस की तू. अजून काय सांगायचं?"

कृष्णात घाईने म्हणाला, "त्यात काय, काकी! कानस मारून आत्ता पाडतो खाच."

"तुझा दात नको मला, कृष्णाता."

रुचिता आत गेली. साज मोडण्याआधी काढलेला माशाचा फोटो उघडून तिने छाटणी शून्यावर आणली. शेपटीत फांद्याच फांद्या उगवल्या. झिजलेली कड, फोटोतले कण आणि तो दात, सगळ्यांच्या फांद्या सारख्याच आखूड. तिने आईला बोलावलं.

"ह्यातली कुठली, आई?"

आईने चष्मा लावला, खूप वेळ पाहिलं. मग पडद्यावरच्या शेपटीवरून अंगठा फिरवला. काच गुळगुळीत होती.

"मी कधी बघितलीच न्हाय गं ती. हाताला लागायची नुसती."

बाहेरून कृष्णातने हाक मारली, "मग काय करू, काकी?"

"काय करतोस आता! आण हिकडं." आईने बाहेर येऊन साज घेतला आणि ती रुचिताकडे वळली. "ये, घालू दे तुझ्या गळ्यात."

रुचिताने मान खाली घातली. मानेमागे साजाचा फासा बसला, तरी तिला मान वर करवेना.