पुढची रस्त्यात जाते

धाकटी संशयी होती. तिला स्वतःला मात्र आपण चौकस आहोत असं वाटायचं. पिठाचं पोतं आलं की ती आधी आणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायची, मग काट्याकडे. तिचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा. कसलंही कुलूप त्याला उघडता येई, पण बायकोच्या डोक्यात एकदा शंका बसली की त्याची हत्यारं चालत नसत.

धाकटीची पावाची भट्टी भाड्याच्या जागेत होती आणि जागामालकाला ती जागा परत हवी होती. वडिलांचा मोकळा प्लॉट होता म्हणून बरं. तो दोघी बहिणींच्या नावावर होता. पुढचा भाग रस्त्याला लागून, मागचा बोळातून जाऊन. तिथे स्वतःची भट्टी बांधायची, पुढे पाव-बिस्किटांचा काउंटर ठेवायचा, हे तिच्या मनात पक्कं होतं. तेवढ्यासाठी ती रोज पहाटे पीठ मळताना मनातल्या मनात भिंती उभ्या करायची.

थोरली बहीण दवाखान्यात परिचारिका होती. पेशंटना "हात पुढे", "श्वास घ्या", "झालं" एवढ्यात उरकायची तिची सवय घरीही सुटली नव्हती. एक दिवस ड्यूटीवर जाता जाता ती भट्टीत डोकावली. पीठ मळायचं यंत्र घरघरत होतं. ती दारातूनच म्हणाली, "वाटणीचं बघून टाकू. तू मागची घे. पुढची रस्त्यात जाते, ती मी ठेवते." आणि गेलीसुद्धा.

धाकटीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पुढची रस्त्याला लागते, गिऱ्हाईक दारात येणार, म्हणून ती बाईसाहेबांना हवी. आणि पाव विकणारीनं बसावं बोळात! बरं, थोरलीला रस्त्याकडेची जागा हवी कशाला? ती तिथे इंजेक्शनं विकणार होती का? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्या दिवसापासून धाकटीनं चौकशी सुरू केली, म्हणजे ओळखीतल्या प्रत्येकाला विचारलं. गवंडी म्हणाला, दुकानाला दर्शनी जागाच हवी. शेजारच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं की सख्ख्या नात्यातच जास्त फसवतात, त्याला अनुभव होता. नवऱ्यानं मात्र सुचवलं की नगररचना कार्यालयात जाऊन नकाशा बघावा, कुठे काय बांधू देतात ते तिथे कळतं. त्यावर ती म्हणाली की तिथल्या लोकांना थोरलीनं आधीच फितवलं नसेल कशावरून. नवऱ्यानं हातातल्या कुलपात तेल सोडलं.

मग तिनं थोरलीशी बोलणंच टाकलं. निरोप धाडला की पुढची जागा मिळाली तरच वाटणीवर सही, नाहीतर प्लॉट तसाच पडू दे. तिला वाटलं होतं आता थोरली भांडायला येईल. ती आली नाही. "चालेल" एवढाच उलट निरोप आला, आणि तोही धाकटीला खटकला.

वकिलाच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. थोरलीनं पेन उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. धाकटी तिच्या बोटांवर नजर रोखून होती. जीव जातोय बघा जागा सोडताना, असं तिच्या मनात आलं आणि थोडं बरंही वाटलं.

"नीट चौकशी केलीस ना?" थोरलीनं विचारलं.

"सगळी केली," धाकटी म्हणाली.

थोरलीनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि सही केली.

भट्टीचा नकाशा काढून घेतला, परवान्याचा अर्ज घेतला आणि धाकटी ताठ मानेनं नगररचना कार्यालयात गेली. खिडकीपाशी चष्मा लावलेल्या अधिकारी बाई होत्या. त्यांनी प्लॉटचा नंबर विचारला, टेबलावर भला मोठा नकाशा पसरला आणि त्यावर बोट ठेवलं. धाकटीच्या पुढच्या जागेवरून एक लाल तुटक रेषा आडवी गेली होती.

बाईंनी समजावून सांगितलं की ही रस्तारुंदीची रेषा. रेषेच्या अलीकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, काहीही बांधता येत नाही, कारण तो भाग पुढेमागे रस्त्यात जाणार. पलीकडे जी पट्टी उरते तिच्यातूनही नियमाप्रमाणे मोकळं अंतर सोडावं लागतं. ते सोडून राहिलेल्या जागेत सायकल उभी करता येईल, भट्टी नाही.

धाकटीला आधी वाटलं, बाईंना काहीतरी हवंय. मग वाटलं, रेषा कालच ओढली असावी. तिनं वाकून पाहिलं. शाई जुनी होती, कागद घडीवर फाटायला आला होता. तिनं विचारलं की हे लोकांना कळतं कसं? बाई म्हणाल्या की येऊन विचारलं की कळतं. तुमच्या ताई नव्हत्या का विचारून गेल्या, दवाखान्यात असतात त्या, वाटणीच्या आधी.

आता मात्र धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे थोरलीला माहीत होतं! माहीत असून तिनं सही केली आणि बिनकामाची जागा बहिणीच्या गळ्यात मारली! ती तडक थोरलीच्या घरी गेली, जिने चढताना वाक्यं जुळवत.

थोरली युनिफॉर्म वाळत घालत होती. धाकटीनं जिन्यातलं सगळं ऐकवलं. थोरलीनं चिमटा लावला आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं तुला."

"कधी?"

"भट्टीत. पुढची रस्त्यात जाते म्हटलं."

ते शब्द धाकटीला जसेच्या तसे आठवले. घरघरत्या यंत्राशेजारी उभं राहून त्यांचा अर्थ तिनं स्वतःच लावला होता. कान शाबूत होते, मन तेवढं वाकडं होतं.

"मग सही का केलीस?" तिनं विचारलं. आवाज पार उतरला होता.

"सगळी चौकशी केली म्हणालीस. मला वाटलं, तुला जास्त कळलं असेल. मी काही बोलले असते तर खरं मानलं असतंस?"

थोरली पुढे म्हणाली की तिला काही बांधायचंच नव्हतं, चार कुंड्या ठेवल्या असत्या. पुढची जागा रस्त्यात गेली की मागची आपोआप रस्त्यावर आली असती. एवढं बोलून ती दमल्यासारखी खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बदलून मागची घे. वकिलाशी बोलते मी."

आणि त्याच क्षणी धाकटीच्या मनात आलं, इतक्या सहज देतेय? मागच्या जागेत काय निघालंय आता?

तिला स्वतःची किळस आली. पण शंका तोंडावर उमटून गेली होती, आणि थोरली आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचूनच दुखणी ओळखत आली होती.

"जा, विचारून ये," थोरली म्हणाली. "कार्यालय उघडं असेल अजून."

न जाणं जास्त लाजिरवाणं की जाणं, ते धाकटीला ठरवता येईना. ती गेली.

बाईंनी तोच नकाशा पुन्हा उघडला. मागच्या जागेवर रेषा नव्हती. भट्टी चालेल, त्या म्हणाल्या, पण राहत्या घरांचा भाग आहे, म्हणून लहान हवी, धुराडं उंच हवं, आणि शेजाऱ्याच्या भिंतीपासून अंतर सोडायला हवं. धाकटी ऐकत होती. नकाशाची घडी घालता घालता बाई म्हणाल्या, "हे सगळं तुमच्या ताईंनी लिहून नेलं होतं. त्या आल्याच होत्या भट्टीचं विचारायला. स्वतःचं काही विचारलं नाही त्यांनी."

धाकटी बाहेरच्या बाकावर बसून राहिली. शेजारी एक माणूस कागद घेऊन बसला होता, तो सरकला तरी तिला कळलं नाही. थोरली तिच्या भट्टीसाठी या बाकावर बसली असेल, ड्यूटीच्या आधी किंवा नंतर, पाय सुजलेले असताना. आणि धाकटीनं मात्र ते पाय वाकड्या वाटेनं चाललेत असं मानलं होतं. रडू आलं तिला, आणि तिनं ते लपवलं नाही.

ती पुन्हा जिने चढली तेव्हा वाक्यं जुळवली नव्हती. दारात उभी राहून पुष्कळ बोलावंसं वाटत होतं.

"विचारलं," ती म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"चालेल म्हणाल्या."

थोरलीनं मान हलवली आणि बसायला खुर्ची पुढे ओढली. "धुराडं उंच घे," ती म्हणाली.