टेपला गुडघे नसतात

“टेप खोटं बोलत नाही, तिजानी,” शुक्रीसाहेब म्हणाले आणि त्यांनी हातातली मोजायची टेप सर्रकन मिटवली.

“टेपला गुडघे नसतात, साहेब,” माझे वडील म्हणाले.

केफच्या बसडेपोत गुरुवारी सकाळी सातला हे चाललं होतं. किल्ल्यावरून उतरलेला वारा थेट बसमध्ये शिरत होता. सुट्टी संपवून मी ट्यूनिसला, माझ्या शाळेत शिकवायला परत निघाले होते. माझी पिशवी घेऊन बाबा बसमध्ये मान वाकवून उभे होते. बसमध्ये ते कधीच सरळ उभे राहू शकले नाहीत.

या बसमध्ये आठवड्यापूर्वी त्यांनीच एक जादा रांग बसवली होती. वरून हुकूम आला होता: प्रत्येक रांग चार बोटं पुढे सरकवा, म्हणजे मागे चार खुर्च्यांची जागा निघते. एकोणतीस वर्षं त्यांनी या डेपोत खुर्च्या बसवल्या, उसवल्या, शिवल्या. ही रांग बसवून आले त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं आई म्हणाली. डेपोतल्या बाकीच्या अकरा बसही अशाच व्हायच्या होत्या. ट्यूनिसहून पाहणीला आलेल्या इंजिनियरनं, म्हणजे शुक्रीसाहेबांनी, सही केली की झालं.

“मी आत्ता बसून पाहिलं ना? ऐसपैस आहे.”

“दोन मिनिटं बसलात. इथून ट्यूनिस तीन तास. तुम्हाला जायचंच आहे, तर याच बसनं चला. सही तिथे पोचल्यावर करा.”

“चला हो साहेब!” ड्रायव्हर मिजूनी स्टिअरिंगवरून ओरडला. “मिनाराला घाबरता काय?”

मिनार म्हणजे बाबा, त्यांच्या उंचीमुळे. गावात त्यांना नावानं हाक मारणारे कमीच.

माणसं हसली. साहेब बुटके, नीटनेटके, भिडस्त. चारचौघांत त्यांना नाही म्हणता आलं नाही. आपली मोटार मागून आणायला सांगून ते चौथ्या रांगेत खिडकीशी बसले. बाबा बरोबर त्यांच्या मागे.

बाबांचं बसणं हा एक कार्यक्रमच असे. आधी कंबर, मग एक पाय, मग दुसरा हातानं उचलून आत. शेवटी दोन्ही गुडघे पुढच्या खुर्चीच्या पाठीत रुतले.

“बाबा, कडेला बसा ना,” मी शेजारून हळूच म्हटलं. “पाय वाटेत सोडता येतील.”

“आज नाही,” ते म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

क्रीब गाव येईपर्यंत साहेबांनी तीनदा बूड हलवलं. मग मागे न बघता म्हणाले, “तिजानी, तुमचे गुडघे लागतायत.”

“हो, साहेब.”

“जरा काढा की.”

“काढतो. कुठे ठेवू ते सांगा.”

पलीकडच्या रांगेतली म्हातारी मांडीवरची टोपली सावरत म्हणाली, “माझ्या टोपलीत ठेव रे लेका. पण जपून हां, अंडी आहेत!”

अख्खी बस हसली. साहेबांचे कान लाल झाले.

तेबुर्सुकच्या घाटाची वळणं सुरू झाली. बस डावीकडे कलली की उजवा गुडघा, उजवीकडे कलली की डावा. शेवटी साहेब ताडकन उठले आणि वळले.

“तुम्ही हे मुद्दाम करताय!”

“मुद्दाम एवढा वाढलो का मी, साहेब?”

या वेळी बाबा हसत नव्हते. “एकोणतीस वर्षं मी गप्प बसलो. म्हटलं, दुखणं माझं एकट्याचं आहे, कशाला बोला? ही रांग बसवली, हिच्यात बसून पाहिलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझे गुडघे माझ्याकडे असतात कुठे? ते पुढच्याच्या पाठीत असतात.”

मग पुढून एक जाडा माणूस म्हणाला, “अरे, मग माझ्या पाठीत कोणाचे आहेत?”

“माझे!” मागून कोणीतरी कबूल केलं, आणि पुन्हा हशा उसळला. या खेपेला साहेबही त्यात होते. खाली बसले ते मात्र तिरके, कंबर धरून.

मजाज गावात बस चहाला थांबली. साहेब पायऱ्यांवरून एकेक पाय टाकत उतरले. त्यांनी बॅगेतून कागद काढला, बसच्या नाकाडावर ठेवला आणि लिहिलं: जादा रांग काढावी, इतर बसमध्ये बसवू नये. खाली सही. ट्यूनिस अजून तासभर लांब होतं.

मिजूनीनं तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. टोपलीवाल्या म्हातारीनं जीभ लवलववत लग्नघरातली किलकारी दिली. चहाच्या टपरीवरच्या, काहीच माहीत नसलेल्या दोन बायांनीही तिला साथ दिली.

“साहेब, आता तुम्ही पुढे बसा, ड्रायव्हरशेजारी,” बाबा म्हणाले.

“तिथे तुम्ही बसा,” साहेब म्हणाले. “मी तुमच्या मागे बसतो.”

बाबा ट्यूनिसपर्यंत पाय लांब सोडून बसले, वरातीतल्या नवरदेवासारखे. स्टँडबाहेर आम्ही हरभऱ्याचा गरम रस्सा पाव कुस्करून खाल्ला. त्यांनी दुसरा वाडगा मागवला. “शनिवारी ती रांग मी स्वतः उपटणार,” म्हणाले आणि परतीच्या बसमध्ये चढले.

शुक्रवारी पहाटे नमाजासाठी उठले, हातपाय धुतले, बूट घालायला बाजेवर बसले, आणि तिथेच आडवे झाले. हृदय. आई म्हणाली, चेहरा शांत होता.

बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी ट्यूनिसहून केफला निघाले. तीच बस आली. रांग दुसऱ्या कोणीतरी काढली होती आणि खुर्च्या जुन्या जागी सरकवल्या होत्या. मागच्या बाकावर एक सैनिक पाय पसरून झोपला होता, आणि त्याच्या पुढची बाईही झोपली होती.

माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी आजींनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“केवढी उंच गं तू, पोरी! कोणावर गेलीस?”

बारा वर्षांची असल्यापासून मला हे विचारतात. मी नेहमी सांगत आले, मामांवर. माझे मामा चांगले मध्यम उंचीचे आहेत. बाबा शेजारी उभे असतानाही मी हेच सांगायची, आणि बाबा मान डोलावून म्हणायचे, “हो हो, मामांवरच.”

“वडिलांवर,” मी म्हटलं.

इंजिनाच्या आवाजात आजींना ऐकू आलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला.

“माझ्या वडिलांवर गेलेय,” मी सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले. “तिजानी त्यांचं नाव. या खुर्च्या ते बसवायचे.”