पावलातली पळी

उद्यानाच्या फरशीवर देवाची पावलं उमटली होती आणि ती बघायला सगळा परिसर लोटला होता. दिवसा फिकट पिवळी दिसणारी पावलं दिवेलागणीला हिरवीगार उजळायची. साथ ऐन भरात होती, पण मास्क सगळ्यांचे हनुवटीवर. देवापुढे नाक झाकणं बरं दिसत नाही म्हणे!

पहिल्याच पावलावर गादी टाकून पाऊलबाबा बसले होते.

"देव स्वतः चालून आलाय! मग तुम्ही कशाला चालताय? बसा! पावलांचं तीर्थ घ्या, रोग दारातूनच परत जाईल!"

हे ऐकून गर्दीतल्या एका काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांना साखरेचा आजार. "रोज चाला, नाहीतर ही साथ तुम्हाला आधी गाठेल," असं डॉक्टरांनी बजावलेलं. काकूंनी महिनाभर विनवण्या करून त्यांना उद्यानापर्यंत आणलं, तर ते बाबांपुढे मांडी घालून बसले ते बसलेच.

"अहो, एक फेरी तरी मारा."

"देवाकडे पाठ फिरवू? तूच ना एवढी देवाची?"

काकू होत्याच देवाच्या. रोजचा नेम झाल्याशिवाय त्या घोटभर पाणीही घेत नसत. पण आपला देव माणसाला नुसतं बसून राहा म्हणेल, हे काही त्यांना पटेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीर्थ वाटायची सेवा मागून घेतली. निदान पाणी तरी उकळलेलं असावं! सकाळी घरी परतताना घाईत पळी एका पावलावरच राहिली. संध्याकाळी येऊन उचलली, तर खाली उजळलेल्या पावलाच्या मधोमध काळीकुट्ट पळी उमटलेली!

"चमत्कार!" कुणीतरी ओरडलं.

"देवाने पळी मागितली!" बाबा गरजले. "उद्या सगळ्यांनी आणा. चांदीच्या!"

काकू हळूच म्हणाल्या, "बाबा, जरा उठता का?"

"समाधीतून?"

"गादीवरून."

समोर बसलेल्या दोघांनी गादी ओढली. खालचं पाऊल पार विझलेलं.

"देव... झोपलाय," बाबा चाचरले.

"माझ्या पळीखालीही झोपला होता. ऊन लागलं तिथे उजेड, अडलं तिथे अंधार. अहो, मोबाइलचा दिवा धरा बरं."

काकांनी काळ्या पळीवर दिवा धरला, मग बाजूला केला. पळी हिरवी! काका बायकोकडे बघतच राहिले.

मागून पालिकेचे आरोग्य अधिकारी खाकरले. "रंग आमचाच. उजेड शोषतो, अंधारात सोडतो. नागरिकांनी चालावं म्हणून मार्ग आखलाय."

"मग सांगायचं नाही का?" काकूंनी विचारलं.

"पाटी मंजुरीला गेलीय. गर्दी होऊ नये म्हणून संचारबंदीत रंगवलं. आणि गर्दी होऊ नये म्हणूनच कुणाला सांगितलं नाही."

तोवर बाबांनी धूम ठोकली होती, तीही पावलांवरूनच. पालिकेचा अख्खा मार्ग पुरा करणारे पहिले नागरिक तेच!

काका उठले, मास्क नाकावर ओढला आणि चालू लागले.

"दमाल हो, सावकाश!"

"तू अंतर ठेवून चल," काका धापा टाकत म्हणाले.

देवाला हात जोडायला कुणाची ना नाही. पण चमत्कार म्हणून कुणी काही दाखवलं, तर हात जोडण्याआधी त्यावर एकदा पळी ठेवून बघावी. देव रागावत नाही. रागावतो तो गादीवरचा.