सहा चमचे साखर

मंगळवारी दुपारी सूनबाईचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात लेथवर होतो. "बाबा, लवकर या. आई डोळे उघडत नाहीयेत." मी पोचलो तोवर डॉक्टर निघाले होते. रक्तातली साखर फार उतरली, म्हणाले. ही गेली होती.

हिला मधुमेह. इन्सुलिनचं इंजेक्शन आणि जेवताना पहिल्या घासाबरोबर एक गोळी. साखर उतरली की घाम सुटायचा, हात थरथरायचे. मग गोड द्यायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"चार चमचे साखर पाण्यातून दिली. नंतर आणखी दोन," सूनबाई म्हणाली.

"मग चढली का नाही?"

तिने रिकामा पेला उचलून मोरीत ठेवला. ते मला खटकलं. आदल्याच दिवशी दोघींची भांड्यांवरून जुंपली होती. मी साखरेचा डबा उघडला. काठोकाठ भरलेला.

"चहाला लोक येतील म्हणून भरला," ती म्हणाली.

सासू गेल्यावर डबे भरायला सुचतं कसं? मी मोरीत वाकून पेला हुंगला.

"बाबा, झडती घेताय माझी?"

"खरं बोलणाऱ्याला झडतीची भीती कशाला?"

मुलगा म्हणाला, "बाबा, आता एक शब्द नको." महिन्याभरात दोघं वेगळे राहायला गेले.

परवा उरलेल्या गोळ्या परत करायला औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सगळं विचारून घेतलं.

"काका, या गोळीवर साखर कशी चालेल? साखर म्हणजे दोन कण जोडलेले. आतड्यात जोड सुटला तरच रक्तात जाते. ही गोळी तो जोड लवकर सुटू देत नाही. ग्लुकोज सुटंच असतं, ते थेट जातं."

मला वाटलं, सुनेने याला पढवलंय. त्याने गोळ्यांच्या खोक्यातला कागद काढून पुढे धरला. त्यात तेच छापलं होतं.

"गोळ्या पहिल्यांदा नेल्या तेव्हाही सांगितलं होतं. ग्लुकोजचा पुडा काढून ठेवला होता तुमच्यासाठी."

सांगितलं होतं खरं. मीच म्हणालो होतो, "साखर घरात किलोभर पडलीये, दुकानदारी दुसऱ्याला दाखवा." दोघंही हसलो होतो. तेव्हा घरी येऊन मी कोणाला काही बोललो नव्हतो.

मुलाचं घर तीन गल्ल्या सोडून आहे. काल त्यांच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. सूनबाईला हे अजून सांगितलेलं नाही.